नदीत थांबायचं कसं

गोंदिया जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. उत्तर-पश्चिम कडेने वैनगंगा जाते, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून बाघ वाहते, दक्षिणेला गाढवी आहे, मधल्या भागात चुलबंद, आणि या सगळ्यांच्या अधेमधे गावोगावचे मालगुजारी तलाव. एवढं पाणी पाहत वाढलेल्या मुलाने मोबाइलवर ऋषिकेशच्या फेसाळत्या गंगेतली कयाक पाहिली, की तो विचारणारच: हे आपल्याकडे का होत नाही?

याचं उत्तर भूगोलात आहे. खळाळतं पाणी तयार व्हायला पात्राला उतार हवा, पात्रात अडथळे हवेत, आणि नाव तरंगेल पण अडथळे पार बुडणार नाहीत इतपतच पाणी हवं. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि गोंदियाच्या हद्दीत येईपर्यंत मैदानी नदी होऊन गेलेली असते. रुंद पात्र, रेती, संथ धार. पावसाळ्यात तिला पाणी येतं ते एकदम येतं. वर संजय सरोवराचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना सावधगिरीचे इशारे जातात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुराने पूर्व विदर्भाचं काय केलं, हे काठावरच्या लोकांना नव्याने सांगायला नको. असं पाणी वेगवान असतं, पण ते कयाकचं पाणी नव्हे. त्यात झाडं वाहत येतात, काठ बुडालेला असतो आणि बाहेर पडायला जागाच उरत नाही. देवरी-सालेकसाकडच्या डोंगरांत उतार आहे, खडकही आहे. पण तिथले नाले पाऊस पडला की काही तास फुगतात आणि ओसरून जातात. दरेकसाजवळचा हाजरा धबधबा डोळे भरून पाहावा, त्याच्या पाण्यात नाव घालायचं मनातही आणू नये.

तरीही हा खेळ गोंदियाच्या माणसाने शिकावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची वाटही आहे. नाव सांभाळायला शिकायचं ते इथल्या तलावांवर. नदी वाचायला शिकायचं ते इथल्या पुलांवर उभं राहून. खळाळतं पाणी अंगावर घ्यायचं ते रायगड जिल्ह्यात, कोलाडच्या कुंडलिकेवर. हा क्रम ज्याने पाळला त्याला चौथी गोष्ट, म्हणजे मित्रामित्रांतल्या स्पर्धा, फार लवकर जमते.

आधी नदी वाचायची म्हणजे काय ते पाहू. पाऊस उघडलेला असताना, पूर ओसरून पाणी निवळायला लागलं की गोंदिया-बालाघाट रस्त्यावरच्या बाघ नदीच्या पुलावर जावं आणि कठड्याच्या आतून खांबांकडे बघावं. खांबाच्या वरच्या अंगाला पाणी आदळून किंचित फुगलेलं दिसतं. दोन खांबांच्या मधे तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं असल्यामुळे धार वेगाने निघते. आणि खांबाच्या खालच्या अंगाला, खांबाला लागूनच, काडीकचरा चक्क उलट दिशेने, म्हणजे वरच्या बाजूला, सरकताना दिसतो. हा उलटा प्रवाह नीट पाहून ठेवावा. सगळा खेळ त्यावर उभा आहे.

तो होतो असा: धार अडथळ्याला वळसा घालून पुढे निघून जाते, तेव्हा अडथळ्याच्या पाठीमागे पाण्याची पातळी थोडी खाली राहते. ती भरून काढायला खालचं पाणी मागे येतं. या शांत, मागे वाहणाऱ्या पाण्याला कयाकवाले एडी म्हणतात. खडकामागे एडी असते, पात्र अचानक रुंदावतं तिथे काठाला असते, नदीच्या वळणावर आतल्या बाजूला असते. मुख्य धार आणि एडी यांच्यामधली रेषा बऱ्याचदा डोळ्यांना स्पष्ट दिसते, कारण तिथे पाणी दोन दिशांना ओढलं जाऊन लहान भोवरे उठतात.

नाव ही रेषा ओलांडते तेव्हा काय होतं, हे समजलं की अर्धी भीती जाते. नावेचं टोक एडीत शिरलं की एडी त्याला वर ढकलते. शेपूट अजून धारेत असतं, धार त्याला खाली ओढते. दोन्ही मिळून नाव गर्रकन वळते आणि तिचं तोंड वरच्या बाजूला होतं. हे वळण अडवायचं नसतं, त्याच्याबरोबर जायचं असतं. त्यासाठी रेषेकडे वेगाने, तिरकं यायचं, रेषा ओलांडताना पॅडल एडीच्या पाण्यात खोल रोवायचं आणि वळणाच्या आतल्या बाजूला नाव कलती करायची, जशी वळणावर सायकल आपण आत कलती करतो. नवशिके नेमके उलट करतात. भीतीने ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतात, येणारं पाणी नावेच्या काठावर चढतं आणि नाव पालथी होते. एडीतून पुन्हा धारेत शिरतानाही हाच नियम. तोंड वर ठेवून, तिरकं निघायचं, आणि धारेत शिरताक्षणी प्रवाह जिकडे जातो तिकडे कलायचं.

ही एक हालचाल पक्की झाली की नदीतला प्रवास बदलून जातो. दोन किलोमीटरचा खळाळ एका दमात उतरायचा नसतो. पहिल्या एडीत थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढचा टप्पा डोळ्यांनी मोजायचा, पुढची एडी हेरायची, आणि मग तिथपर्यंतच जायचं. मग पुन्हा थांबायचं. लोकांना वाटतं कयाकमध्ये दंडाची ताकद आणि छातीतलं धाडस लागतं. मी तरी नावाड्याचं कौशल्य एकाच गोष्टीवरून जोखतो: भर धारेत त्याला हवं तिथे थांबता येतं का.

बाकीच्या खुणा यानंतर शिकायला सोप्या जातात. वरून पाहताना दोन खडकांमधून निघालेला गुळगुळीत, काळसर, निमुळता पट्टा दिसला आणि त्याचं टोक खालच्या बाजूला असलं, तर ती मोकळी वाट. टोक वरच्या बाजूला असलं तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे. वेगवान पाणी संथ पाण्यावर येऊन आदळतं तिथे ओळीने लाटा उठतात. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जागच्या जागी वरखाली होतं. नदीत लाट जागेवर उभी राहते आणि पाणी तिच्यातून निघून जातं. म्हणून नदीची लाट पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी भेटते आणि तिची ओळख करून घेता येते. पाणी खडकावरून खाली पडून पुन्हा वर उसळतं तिथे होल तयार होतो. त्यातलं वरचं पाणी मागे, खडकाकडे वाहतं. फेस पांढरा दिसतो तो हवेच्या बुडबुड्यांमुळे. हवा मिसळलेलं पाणी हलकं असतं, त्यात माणूस आणि नाव दोन्ही नेहमीपेक्षा खोल बसतात, आणि पॅडललाही धरायला घट्ट पाणी मिळत नाही.

पाण्याचा जोर किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. नदी सेकंदाला ३० घनमीटर वाहत असेल, तर दर सेकंदाला ३० टन पाणी आपल्या जवळून जात असतं. आपल्या वर्तमानपत्रांत येतो त्या क्युसेकच्या हिशेबात हे साधारण एक हजार क्युसेक झालं. धरणाच्या विसर्गाच्या बातमीत हा आकडा किरकोळ वाटतो. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. म्हणून नद्यांच्या खळाळांना अवघडपणाप्रमाणे १ ते ६ अशा श्रेणी दिल्या जातात. पहिल्या श्रेणीत बारीक लाटा असतात. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत नाव वळवता येणं आवश्यक ठरतं. चौथीपासून पुढे चुकीला जागा कमी होत जाते, आणि सहावीला बहुतेक जाणकार काठावरून नमस्कार करतात. त्याच जागेची श्रेणी पाणी वाढलं की बदलते, हे मात्र विसरता कामा नये.

आता एका गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण ती आपल्या भागात प्रत्येक नदीनाल्यावर आहे आणि दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. वरून येणाऱ्या नावेतून तो दिसतच नाही. पाण्यावर एक सरळ आडवी रेघ दिसते, तिच्यापलीकडे नदी नाहीशी होते. भिंतीवरून पडणारं पाणी पायथ्याशी तळाकडे जातं, थोडं पुढे जाऊन वर येतं, आणि त्यातलं काही पाणी पृष्ठभागावरून परत भिंतीकडे वाहतं. त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, पडत्या पाण्याखाली दाबला जातो, पुढे वर येतो आणि पुन्हा मागे ओढला जातो. नैसर्गिक होलला बाजूने बहुधा सुटायची वाट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सलग असतो, म्हणून ती वाटही नसते. बरगे काढलेले असतील तेव्हा गाळ्यांमधून धार जोरात निघते आणि खांबांना फांद्या, काटक्या, जाळी अडकलेली असतात. पाणी त्यातून निघून जातं, माणूस अडकतो. भिंत कमरेएवढी असली तरी हे असंच घडतं. त्यामुळे बंधाऱ्याच्या बऱ्याच वर काठाला लागायचं, नाव खांद्यावर घेऊन चालत खाली जायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायची. यात कोणाचीही, कधीही सूट नाही.

हीच गोष्ट मासेमारीच्या जाळ्यांची. गोंदिया-भंडाऱ्यातल्या तलावांवर आणि नद्यांवर ढिवर समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी आहे, तलावांत त्यांची शिंगाड्याची लागवड आहे. त्यांचा पारंपरिक डोंगा झाडाचं खोड कोरून केलेला. कुठे डोह आहे, कुठे बुडालेलं झाड आहे, कुठल्या महिन्यात धार कुठल्या काठाला सरकते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पाण्यात उतरण्याआधी त्यांच्यातल्या जुन्या माणसाला भेटावं, ‘दादा, जाळं कुठे कुठे टाकलंय?’ एवढं विचारावं. जाळ्यात नाव अडकली तर आपला जीव धोक्यात येतो आणि त्यांचं जाळं फाटतं. शिंगाड्याच्या वेलांमधून नाव नेऊ नये, ते कोणाचं तरी शेत आहे.

नावेबद्दल थोडक्यात. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन पात्यांचं पॅडल वापरतात. कनूमध्ये गुडघ्यावर बसून एका पात्याचं. आपला डोंगा कनूच्या कुळातला. खळाळासाठीची कयाक जाड प्लास्टिकची, अडीच मीटरच्या आसपास, बुटकी आणि गोलसर असते, म्हणून ती पटकन वळते आणि सरळ चालवायला त्रास देते. बसल्यावर कमरेभोवती स्प्रे स्कर्ट लावतात, म्हणजे आत पाणी येत नाही. डोक्याला हेल्मेट, अंगात घट्ट बसणारं लाइफ जॅकेट, आणि प्रत्येक नावेत दोर भरलेली फेकायची पिशवी, म्हणजे थ्रो बॅग. यातलं काहीही कमी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

पहिला धडा पॅडल मारण्याचा नसतो, पालथ्या नावेतून बाहेर पडण्याचा असतो. नाव उलटली की श्वास रोखायचा, पुढे वाकून डोकं डेकजवळ आणायचं, स्कर्टच्या पुढच्या टोकाचा फास ओढायचा, आणि दोन्ही हातांनी नावेला ढकलून पॅन्ट उतरवावी तसं पाय बाहेर काढायचे. छातीएवढ्या पाण्यात, शेजारी जाणता माणूस उभा असताना, हे इतकं करावं की हात आपोआप फासाकडे जायला लागेल. रोल, म्हणजे पालथी नाव आतूनच सरळ करणं, हे त्यानंतर. त्यात पॅडल फक्त क्षणभराचा आधार देतं. नाव फिरवायची असते कमरेच्या आणि मांडीच्या झटक्याने, आणि डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर आणायचं असतं. घुसमटलेल्या माणसाला डोकं आधी वर काढावंसं वाटतं, आणि तिथेच रोल फसतो. हे सगळं शिकायला तलाव उत्तम. नवेगावबांधचा तलाव घ्या: अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला, डोंगरांच्या कुशीतला, विस्तीर्ण. तिथे किंवा इटियाडोहच्या जलाशयावर सकाळच्या शांत पाण्यात नाव सरळ नेणं, वळवणं, थांबवणं, मागे नेणं हे सगळं बसतं. परवानगी मात्र आधी काढावी लागते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प शेजारी आहे, वन विभागाचे नियम आहेत, मासेमारी सहकारी संस्थांचे हक्क आहेत. हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांच्या थव्यांपासून आणि उथळ दलदलीपासून लांब राहायचं. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत आणि पाणथळीत घरटं करतो, तेव्हा अशा जागांच्या आसपास नाव नेण्याचा प्रश्नच येत नाही. आणि मृगाच्या आधीच्या वादळी दिवसांत ढग गडगडला की लगेच काठाला यायचं. आपल्याकडे वीज दरवर्षी माणसं घेते.

आता कुंडलिका. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने कल्याण किंवा ठाण्याला उतरून पुढे मुंबई-गोवा महामार्गाने कोलाड गाठता येतं. इथलं पाणी कसं येतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. मुळा पूर्वेला वाहणारी. तिचं पाणी भीमा आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जायचं. टाटा कंपनीने ते अडवून बोगद्याने पश्चिमेकडे वळवलं आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा इथे, सुमारे पाचशे मीटर खाली सोडून, त्यावर वीज तयार करायला १९२७ मध्ये सुरुवात केली. टर्बाइन फिरवून झालेलं हे पाणी कुंडलिकेच्या पात्रात येतं. म्हणजे वीजनिर्मिती होईल तशी नदी भरते आणि ओसरते. साधारणपणे सकाळी पाणी सुटतं, काही तास धार चांगली चालते, मग पात्र उघडं पडायला लागतं. बाकी महाराष्ट्रातल्या नद्या माघ-फाल्गुनात आटलेल्या असताना इथे खळाळ मिळतो तो यामुळे. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, आणि तरीही मावळातली गावं पाण्याखाली गेली. ज्या पाण्यावर आपण आनंदाने डुलतो त्याची ही किंमत कोणी मोजली हे कुंडलिकेवर येणाऱ्या प्रत्येक नावाड्याला माहीत असलं पाहिजे.

कोलाडला राफ्टिंगसाठी येणारे लोक पुष्कळ. साजे गावाजवळून निघून सुमारे बारा किलोमीटरचा हा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा आहे. राफ्टमध्ये आठ-दहा जण आणि मागे मार्गदर्शक असतो, तो सांगेल तसं वल्हवायचं. कयाकमध्ये निर्णय आपला असतो, म्हणून तिथे आधी शिकवणी घ्यावी आणि पहिल्या खेपेला राफ्टमधूनच नदी बघून घ्यावी. कयाकची सहल कधी एकट्याने करायची नाही; किमान तीन नावा हव्यात. पुढे वाट माहीत असलेला, मधे नवशिके, सगळ्यात मागे ज्याला बचाव जमतो असा. पुढचा एडीत थांबतो, मागे वळून बघतो, मगच मागच्याला खूण करतो. खुणा ठरलेल्या आहेत. पॅडल डोक्यावर आडवं धरलं तर थांबा, उभं धरलं तर या. शिट्टी एकदा वाजली तर इकडे बघा, तीनदा वाजली तर संकट. हात किंवा पॅडल नेहमी सुरक्षित वाटेकडे दाखवायचं, धोक्याकडे कधीही नाही. पाण्याच्या आवाजात आणि घाईत समोरचा माणूस जिकडे बोट दिसेल तिकडेच जातो.

नावेतून बाहेर पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय खालच्या बाजूला आणि पृष्ठभागाशी ठेवायचे, म्हणजे खडकाला आधी पाय लागतात. वाहत्या पाण्यात उभं राहण्याचा मोह टाळायचा. पाऊल दोन दगडांत अडकलं तर मागचं पाणी माणसाला पुढे पाडतं, आणि कमरेएवढ्या पाण्यातही तोंड वर काढता येत नाही. काठ जवळ आला की पालथं होऊन जोरात एडीकडे पोहायचं. समोर आडवं पडलेलं झाड आलंच तर मात्र डोकं पुढे करून त्याच्यावर चढायचा प्रयत्न करायचा, खालून जायचा नाही.

स्पर्धेकडे वळू. या खेळातली सगळ्यात शिकवणारी स्पर्धा स्लॅलम. बर्फावरच्या स्कीइंगच्या स्लॅलमवरून ती १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली आणि १९९२ पासून कायमची आली. खळाळत्या पाण्यावर दोर बांधून त्याला खांबांच्या जोड्या टांगतात. हिरवे-पांढरे खांब म्हणजे प्रवाहाबरोबर जायचं, लाल-पांढरे म्हणजे खालून वर जायचं. एका मार्गात १८ ते २५ दारं. खांबाला अंग, नाव किंवा पॅडल लागलं तर वेळेत २ सेकंदांची भर, दार चुकलं तर ५० सेकंदांची. लाल दारं मुद्दाम एडीत टांगलेली असतात. धारेतून वेगाने यायचं, एडीत वळायचं, दारातून वर जायचं आणि पुन्हा धारेत शिरायचं. म्हणजे ज्याला थांबता आणि वळता येत नाही तो कितीही जोरात वल्हवो, हरतो. म्हणूनच मला ही स्पर्धा सगळ्यांत आवडते. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस हाही प्रकार आला: चार नावा उंच फळीवरून एकदम पाण्यात उडी घेतात, एकमेकींना ढकलू शकतात, आणि वाटेत प्रत्येकाला एक पूर्ण रोल मारावाच लागतो.

आपल्या देशात केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात २०१३ पासून पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, तिथे परदेशी नावाडीही येतात. आपल्याला अधिक जवळचं नाव महेश्वर. अहिल्याबाई होळकरांच्या या राजधानीजवळ सहस्रधारेला नर्मदा खडकांतून शेकडो धारांनी फुटते. खेलो इंडिया युवा स्पर्धा फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशात झाल्या, तेव्हा स्लॅलमच्या शर्यती तिथेच घेतल्या गेल्या. गोंदियाच्या मुलांनी पाहायला जावं अशी ही जागा.

मित्रांमधली स्पर्धा घ्यायची तर एवढ्या थाटाची गरज नाही. पाऊस संपल्यावर, कार्तिकात, तलावाच्या पाळीजवळच्या मोकळ्या पाण्यावर ती उत्तम होते. गोंदियात बांबू हवा तेवढा आहे. दोन काठांवर किंवा दोन नांगरलेल्या डोंग्यांवर दोर ताणावा, त्याला बांबूच्या जोड्या टांगाव्यात, मधे सव्वा ते दीड मीटर जागा, खालचं टोक पाण्याला न लागणारं. लाल आणि हिरवा रंग द्यावा. तलावात प्रवाह नाही, म्हणून लाल दार उलट दिशेने पार करायचं आणि त्यासाठी पूर्ण वळसा घ्यायचा, एवढा बदल पुरतो. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. ढिवरांच्या मुलांना डोंग्याची वेगळी शर्यत ठेवावी आणि परीक्षकांत त्यांच्यातला एक ज्येष्ठ असावा. थ्रो बॅगची शर्यतही जरूर घ्यावी: पंधरा मीटरवर पाण्यात कोणीतरी लाइफ जॅकेट घालून तरंगत असेल, पिशवी त्याच्या हाताच्या टप्प्यात पडली पाहिजे, आणि पहिली फेक चुकली तर दोर गोळा करून दुसरी किती वेळात जाते तेही मोजायचं.

शेवटी सांघिक फेरी. आंतरराष्ट्रीय नियमातही ती आहे. तीन नावा एकामागोमाग सुटतात, प्रत्येकीने प्रत्येक दार पार करायचं, आणि घड्याळ पहिली नाव सुटल्यावर सुरू होऊन तिसरी पोचल्यावर बंद होतं. तिन्ही नावांनी शेवटची रेषा १५ सेकंदांच्या आत ओलांडली नाही तर संघाला ५० सेकंदांचा दंड. त्यामुळे संघ ठरवताना एक मुरलेला, एक मध्यम आणि एक नवा असे तिघे घ्यावेत, आणि नव्याला मधे ठेवावं. पहिल्या फेरीत पुढचा बहुधा एकटाच पुढे निघून जातो. दुसऱ्या फेरीआधी त्याला एवढंच सांगावं की चौथ्या दारापाशी थांब, मागे बघ, दोघे आले की निघ.